तुमच्या खरेदीतला एक टक्का कुठे जातो?

आमच्याकडून तुम्ही तंबू घ्या, सॅक घ्या किंवा नुसती बुटांची नाडी घ्या, त्या विक्रीतला एक टक्का आम्ही निसर्गासाठी आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत फिरता यावं यासाठी बाजूला काढतो. बिलात त्यासाठी वेगळी भर घातलेली नसते. या पैशाचं पुढे काय होतं, हे ग्राहक विचारतात. त्यांनी ते विचारायलाच हवं.

हा हिस्सा नफ्यातून न काढता विक्रीतून काढण्याला कारण आहे. नफा हिशेबात कमी दाखवता येतो आणि तोट्याच्या वर्षी तो नसतोच. विक्रीवरचा हिस्सा मात्र जागेच्या भाड्यासारखा दरवर्षी द्यावाच लागतो. बाहेर भटकण्याचे कपडे आणि सामान विकणारी अमेरिकेतली पॅटागोनिया कंपनी १९८५ पासून विक्रीचा एक टक्का देत आली आहे. तिचे संस्थापक इव्हॉन शुईनार्ड यांनी २००२ मध्ये क्रेग मॅथ्यूज यांच्यासोबत ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही विक्रीचा एक टक्का निसर्गासाठी देणाऱ्या धंद्यांची संघटना सुरू केली, तेव्हा इतर धंद्यांनाही ही वाट मिळाली.

शुईनार्ड यांचं त्याआधीचं एक काम आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. त्यांचा धंदा मुख्यतः पिटॉनवर, म्हणजे गिर्यारोहक दोर अडकवायला कातळात ठोकतात त्या पोलादी खिळ्यांवर चालत होता. ते पुन्हा पुन्हा ठोकून आणि उपटून कातळाच्या भेगा फुटत होत्या. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी हातोडीशिवाय भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरींचा, म्हणजे चॉकचा पुरस्कार केला. देणगी नंतरची, आधी आपण काय विकतो ते पाहायचं. म्हणूनच फ्लोरिनयुक्त रसायनांचा जलरोधक थर असलेली जॅकेटं आम्ही ठेवत नाही. ही रसायनं वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत आणि वस्तीपासून दूरच्या डोंगरांवरच्या बर्फातही ती सापडली आहेत.

एक टक्क्यातला मोठा वाटा पाऊलवाटांच्या दुरुस्तीला जातो. वाट सरळ उताराने गेली की पावसाचं पाणी तिचाच ओढा करतं. माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात, लोक कडेच्या गवतावरून चालू लागतात, तेही मरतं आणि वाट रुंदावत जाते. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे पुढच्या पावसात ओघ आणखी वाढतो. यावर उपाय अंगमेहनतीचा आहे: वाट नागमोडी वळवायची आणि जागोजागी दगड किंवा ओंडके तिरके पुरून पाणी बाजूला काढायचं. पण या बांधांमागे गाळ साचतो. तो नेमाने उपसला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. नव्या कामाला देणगीदार मिळतात, गाळ उपसायला फारसं कोणी पैसे देत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी नवी वाट शोधण्यापेक्षा त्याच त्या वाटांना पैसे देतो. तुमच्याकडून एवढंच हवं: वळण तोडून सरळ खाली उतरू नका, आणि चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला.

उरलेल्या पैशातून आम्ही युवक मंडळांना आणि शाळांना सामान वापरायला देतो. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याला तंबू, स्लीपिंग बॅग आणि बूट एकदम घेणं परवडत नाही. मुलांचे पाय तर इतक्या भराभर वाढतात की बूट झिजण्याआधीच आखूड होतात. तुमच्या घरात असे बूट पडून असतील तर आणून द्या. न खपलेला, सदोष माल मात्र आम्ही दान म्हणून कधीच खपवत नाही. डोंगरात तुटलेला पट्टा कोणालाही महागात पडतो.

नवं घेण्याआधी जुनं आम्हाला दाखवा. ओलं होणारं जॅकेट बहुतेकदा फाटलेलं नसतं, मळामुळे वरच्या थरावरून पाणी ओघळायचं थांबलेलं असतं. लेबलवरच्या सूचनांप्रमाणे ते धुऊन मंद उष्णतेवर वाळवलं की पुष्कळदा पुन्हा चालतं. चेन आणि शिलाईची दुरुस्ती आम्ही इथेच करतो.

वर्षाचा हिशेब काउंटरवरच्या वहीत आहे, कोणीही तो चाळावा. तुमच्या माहितीतली एखादी वाट खचत असेल तर त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर ती जागा लिहून ठेवा.