पान्हा, सुई आणि रेडकाचा वाटा

इंदूरच्या रामबागेत काय किंवा नारायण बागेत काय, दुधाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘म्हशींना इंजेक्शन देतात, म्हणून हल्ली मुली लवकर वयात येतात.’ यातला पहिला भाग अनेक तबेल्यांपुरता खरा आहे, दुसरा नाही. त्या इंजेक्शनातलं ऑक्सिटोसिन हे पान्हा आणणारं संप्रेरक म्हणजे 9 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. पोटात गेली की आतड्यात ती इतर प्रथिनांसारखीच तुटते, आणि वयात येण्याशी तिचा संबंधही नाही. सुईची झळ पोचते ती म्हशीला आणि तिच्या रेडकाला. त्यांची चौकशी मात्र कुणी करत नाही.

कासेतलं बहुतेक दूध वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या कूपिकांत, म्हणजे दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांत, अडकलेलं असतं. सडाच्या वरच्या पोकळीत गाईचं साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं, म्हशीचं जेमतेम 5 टक्के. म्हणून पान्हा फुटल्याशिवाय म्हशीखाली बसून उपयोग नाही. रेडकू ढुशा देतं, सड चोखतं. तो स्पर्श चेतातंतूंवरून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं. आणि प्रत्येक कूपिकेला जाळीसारख्या वेढणाऱ्या पेशी आवळतात. दूध खाली ढकललं जातं, लोंबते सड तटतटतात. गाईला याला एखादं मिनिट लागतं, म्हशीला 2 ते 10 मिनिटंही. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरतं, म्हणून एकदा पान्हा आला की धार न थांबता काढायची असते.

काठी, अनोळखी माणूस, चिरलेला सड यांनी जनावर बिचकलं की ऑक्सिटोसिन मेंदूतच अडतं, आणि अ‍ॅड्रिनॅलिन त्याला कासेत काम करू देत नाही. हेच ‘पान्हा चोरणं’. नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळण्याआधी सड उजेडात नीट बघावेत. भेग किंवा सूज तिथे सापडेल.

बाळंतपणात योनिमार्ग ताणला गेला तरी हेच संप्रेरक सुटतं. त्याचा फायदा घेऊन पूर्वी पान्ह्यासाठी गाई-म्हशींच्या योनीत हवा फुंकत. या फुंक्याची किळस हे गांधीजींनी दूध सोडण्याचं एक कारण होतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 12 फुंक्याबरोबरच, दुधासाठी दिलेलं आणि जनावराला अपाय करणारं इंजेक्शनही गुन्हा ठरवतं : 1,000 रुपयांपर्यंत दंड, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा.

पण सुई येते कुठून? नर रेडकू तबेल्याला नकोसं असतं. त्याला दूध ठेवत नाहीत, ते काही आठवड्यांत मरतं, आई पान्हा चोरू लागते, मग सुई. रोज टोचलं की कास स्वतःच्या ऑक्सिटोसिनला दाद देईनाशी होते आणि सुईशिवाय धार निघत नाही. औषधावरच घाव घालणं हा उपाय नव्हे. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच लागतं. ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावरची 2018 ची बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. दूध घ्यायचं तर रेडकाचा वाटा आधी काढून ठेवायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

तो वाटा केवढा? पहिल्या महिन्यात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला दिवसाला 3 लिटर. जन्मल्यावर नाळेला टिंक्चर आयोडीन, तासा-दोन तासांत चीक; उशीर झाला तर आतडं त्यातली प्रतिपिंडं शोषेनासं होतं. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंताचं औषध, मात्रा पशुवैद्याला विचारून. एका जातीचे गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. इथे हयगय झाली तर पोटभर दूध पिणारं रेडकूही हगवणीने जातं.

रेडकू दगावलंच तर म्हशीला सवय लावावी लागते : रोज तीच वेळ, तोच माणूस, पुढ्यात आंबोण, कोमट पाण्याने कास पुसून मिनिटभर हलका मसाज. सड तटतटेपर्यंत ओढायचे नाहीत, त्याला 10 मिनिटं लागली तरी.

रतीब लावण्याआधी तबेल्यात एक चक्कर मारा. दुभत्या म्हशी मोजा, मग रेडकं मोजा. 20 म्हशींमागे 3 रेडकं दिसली, तर बाकीची कुठे आहेत हे मालकाला विचारा.