बोकडाच्या पायांचा फॉन आणि न ऐकणारी मुलगी

गेल्या महिन्यात सोलापूरच्या नवी पेठेतून येताना माझ्या भाचीच्या हातात कोणीतरी एक पत्रक दिले. संवादाचा ९३ टक्के भाग देहबोलीतून होतो, हाताची घडी म्हणजे विरोध आणि चुकवलेली नजर म्हणजे खोटेपणा, असे त्यात ठामपणे छापले होते. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी गिलेर्मो देल तोरो यांचा २००६ सालचा ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ हा चित्रपट पाहिला. यादवी युद्धानंतरच्या, १९४४ सालच्या स्पेनमध्ये घडणाऱ्या या काळोख्या अद्भुतकथेत सगळा संघर्ष आज्ञा पाळणे आणि मोडणे यांच्यातला आहे, आणि तो शब्दांइतकाच शरीरांतून मांडलेला आहे. त्यामुळे पत्रकातील दावे तपासून पाहण्याची इच्छा झाली.

९३ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यांवरून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायची होती. तो आकडा एकूण संवादाला लावता येत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. खोटे बोलणे ओळखण्याविषयी झालेल्या अनेक प्रयोगांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरल्याचे दिसले. नाणेफेकीने ५० टक्के यश मिळतेच. शुल्क भरून देहबोलीच्या अर्थांच्या अशा याद्या पाठ करणाऱ्या तरुणांनी हे लक्षात घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

मग शरीर काहीच सांगत नाही का? पुष्कळ सांगते, पण ते एखाद्या सुट्या मुद्रेपेक्षा हालचालीतून सांगते. चित्रपट पाहताना भाचीने विचारले, “मामा, या फॉनचे गुडघे उलटे कसे वाकतात?” फॉन म्हणजे बोकडाच्या पायांचा, शिंगे असलेला, पुराणकथेतला प्राणी. बोकडाच्या मागच्या पायात जो सांधा आपल्याला उलटा गुडघा वाटतो, ती खरे तर त्याची टाच असते. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. ही भूमिका करणारे डग जोन्स मूकाभिनयातून आलेले नट आहेत. त्यांचा आवाजही चित्रपटात नाही, तो दुसऱ्या नटाचा आहे, म्हणजे आपल्यापर्यंत पोहोचते ती केवळ त्यांची चाल. सुरुवातीला हा फॉन जीर्ण आणि अवघडलेला असतो, पण कथा पुढे सरकते तसा तो तरुण होत जातो. हा बदल आपल्याला कोणी सांगावा लागत नाही.

तो आपल्याला कळतो कसा, याचे उत्तर स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या एका सुंदर प्रयोगात आहे. त्यांनी माणसाच्या खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा आणि घोटा अशा सांध्यांवर प्रकाशाचे दहा-बारा ठिपके बसवले आणि अंधारात केवळ ते ठिपके दिसतील असे चित्रीकरण केले. चित्र थांबलेले असताना पाहणाऱ्यांना विखुरलेल्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नसे, पण हालचाल सुरू होताच सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ते म्हणत, हा चालणारा माणूस आहे.

येथे मेंदू एक प्रकारची वजाबाकी करतो. अंधारात जाणाऱ्या सायकलच्या चाकाच्या कडेला एकच दिवा लावला, तर तो उड्या मारत कमानी काढत जाताना दिसतो. आसावरही दुसरा दिवा लावला, की दोघांची समाईक पुढची गती मेंदू बाजूला काढतो आणि उरलेली गती, म्हणजे कडेच्या दिव्याचे आसाभोवती फिरणे, स्पष्ट दिसू लागते. चालणाऱ्या माणसातही असेच घडते. पूर्ण शरीराच्या पुढे सरकण्यातून कंबरेचे हलके हेलकावे वेगळे होतात, कंबरेभोवती गुडघा लंबकासारखा झुलतो, गुडघ्याभोवती घोटा झुलतो, आणि ज्या दोन ठिपक्यांमधले अंतर बदलत नाही त्यांना मेंदू एका हाडाने जोडतो. कानाच्या वर, मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागात असलेली एक लांब खाच या कामात विशेष सक्रिय असते. जेमतेम दोन दिवसांची बाळेही विस्कळीत ठिपक्यांपेक्षा चालत्या कोंबडीचे ठिपके अधिक वेळ पाहतात, असे इटलीतील संशोधकांना २००८ साली आढळले.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पाहिलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी तो उंच, जड ध्वज पेलत येतो. त्याच्या टाचेने पुढचे पाऊल टाकताना किंचित जास्त वेळ घेतला, तरी ध्वजाचा शेंडा झुकण्याआधीच गर्दीतील माणसे श्वास रोखतात.

चालीची दिशा ओळखताना आपण पावलांवर फार अवलंबून असतो आणि चित्रात पावले उलटी केली की ती ओळख ढासळते, हेही प्रयोगांत दिसले आहे. भुताचे पाय उलटे असतात ही आपल्याकडची जुनी समजूत नजरेच्या याच हळवेपणातून रुजली असावी, असे मला वाटते. त्यासाठी भूत असण्याची काहीच गरज नाही.

आज्ञाभंगाचा संबंध येथे येतो. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार हुतात्मे फासावर गेलेले पाहिलेल्या सोलापूरला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली सुरू केलेल्या प्रयोगांत, दुसऱ्याला विजेचे झटके देण्याची आज्ञा ४० पैकी २६ जणांनी शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत पाळली. झटके खोटे होते, पण सहभागींना ते ठाऊक नव्हते. ते घामाघूम होत, थरथरत, अडखळत बोलत आणि तरीही बटण दाबत. शरीर नकार देत होते आणि हात आज्ञा पाळत होता. आज्ञा देणारा खोलीबाहेर जाऊन टेलिफोनवरून बोलू लागला, तेव्हा मात्र शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशावर आले. काही जण तर सांगितल्याप्रमाणे करत असल्याचे फोनवर कळवून प्रत्यक्षात सर्वांत कमी झटका देत राहिले. या प्रयोगांच्या पद्धतीवर आणि नैतिकतेवर पुढे बरीच टीका झाली, पण समोर उभ्या असलेल्या देहाचा दाब किती मोठा असतो, हे त्यांनी दाखवले.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट मी आवाज बंद करून पुन्हा पाहिला. ओफेलियाने, म्हणजे चित्रपटातील त्या लहान मुलीने, आधी एकदा आज्ञा मोडली होती, ती भुकेने आणि मोहाने, दोन द्राक्षांसाठी. आता उंच, शिंगे असलेला, एव्हाना तरुण झालेला फॉन हातभर अंतरावर उभा आहे आणि तान्ह्या भावाला स्वाधीन कर म्हणतो आहे. ती बाळाला छातीशी धरून ठेवते. मागून आलेल्या कॅप्टनला, म्हणजे तिच्या सावत्र वडिलांना, फॉन दिसतच नाही; त्याला दिसते ती रिकाम्या जागेसमोर उभी राहून नाही म्हणणारी एक लहान मुलगी.