वाकळ की कौदी: सीमाभागातल्या जुन्या विरंगुळ्याची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गेली काही वर्षं बऱ्याच घरांत एकच चाललंय. कुणी माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून, चिंचेनं घासून हॉलमध्ये ठेवतंय, कुणी आज्जीची वाकळ (जुन्या कपड्यांचं शिवलेलं पांघरूण) धुऊन सोफ्यावर अंथरतंय, कुणी रद्दीवाल्याकडनं जुने दिवाळी अंक वेचून आणतंय. विचारलं तर म्हणतात बरं वाटतं, हाताला काम आणि डोक्याला शांतता. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हे वाढलं हे खरंच. पण ते तेव्हाच सुरू झालं असं जे आता बोललं जातंय ते मला पटत नाही, कारण आमच्याकडं जुनं जपणं छंद म्हणून आलंच नाही, ते दुपारचं काम होतं आणि विसावाही त्याच कामात मिळायचा.

फार मागचं थोडक्यात सांगतो. बेळगावातलं सगळ्यात जुनं वाचनालय 1848 सालचं. गोकाकच्या धबधब्यापाशी 1880 च्या दशकात सूतगिरणी उभी राहिली. शहापूर आज बेळगावचाच भाग वाटतो पण 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होतं, आणि तिथल्या अन् वडगाव-खासबागच्या विणकरांच्या साड्या आसपासच्या खेड्यांत नेसल्या जायच्या. खानापूरला मातीकाम. म्हणजे सूत, कापड, मडकं, पुस्तक सगळं हाताच्या अंतरावर. मराठी साहित्य संमेलन 1929 ला आणि 1946 ला बेळगावात भरलं, 1946 चं तर संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळं सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत बसत नाही.

1956 च्या नोव्हेंबरात जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला त्याचं राजकारण सगळ्यांना माहीत, वाचनालयांचं काय झालं ते मात्र कमी बोललं जातं. म्हैसूर राज्यानं 1965 ला ग्रंथालयाचा कायदा केला, त्यात स्थानिक करावर ग्रंथालय उपकर लावायचा आणि त्यातनं सरकारी वाचनालयं चालवायची. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, त्यात उपकर नाही, लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना दर्जाप्रमाणं अनुदान. आमची गल्लीतली, तालमीशेजारची मराठी वाचनालयं होती लोकांनी चालवलेली, म्हणजे नमुना महाराष्ट्रातला आणि पत्ता कर्नाटकातला, त्यामुळं त्यातली बरीचशी वर्गणी, देणगी आणि दिवाळी अंकांच्या योजनेवर टिकली. दिवाळीआधी ठरावीक पैसे भरायचे आणि पुढचे दोन-चार महिने पाळीपाळीनं अंक घरी. जाडसर खाकी कव्हर, आत तारखांचे शिक्के, कुणीतरी पेन्सिलनं सोडवलेलं शब्दकोडं. आज जे लोक जुने अंक गोळा करतात ते छापलेल्या मजकुराइतकंच त्या शिक्क्यांसाठी करतात, मी पण करतो.

आता मला नीट आठवणारा काळ, साधारण 1978 ते 1995. शिमगा झाला, ऊन चढलं की अंगणात वाकळंची तयारी. फाटलेली सुती लुगडी, धोतरं, सदरे धुऊन वाळवून ठेवलेली असायची. नऊवारी लुगडं खाली अस्तराला, चार कोपऱ्यांवर दगड, मधल्या थरात चिंध्या नीट पसरून "पोट" भरायचं, वर दुसरं लुगडं आणि मग कडेनं धावदोरा. दोन-तीन बायका बसायच्या, कधी गावात वाकळा शिवणाऱ्या बायका यायच्या त्यांना धान्य किंवा पैसे. आमची आज्जी म्हणायची, "तू वाच की गा, मी बसतो वाकळंला." (आमच्याकडच्या बायका "मी जातो, मी बसतो" असंच बोलतात, ती चूक नव्हे, ती इथली मराठी.) मी वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायचो, नाहीतर रेडिओ. सांगली केंद्र लागलं तर मराठी, धारवाड लागलं तर कन्नड, सुई दोन्हीवर सारखीच चालायची. त्या रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागायचं, तिकिटं लावलेली छोटी पुस्तिका असायची, ऐंशीच्या दशकात ते लायसन्स बंद झालं आणि आता त्या पुस्तिका जुन्या बाजारात लोक हौसेनं घेतात.

याच काळात दारात भांडीवाली यायची. जुने कपडे द्या, स्टीलचा डबा घ्या. म्हणजे एका लुगड्याला दोन वाटा, वाकळंत जायचं नाहीतर भांडीवालीच्या गाठोड्यात, आणि घराघरांत त्यावरनं खरोखर वाद व्हायचे. स्टील आलं तसं पितळ-तांबं मोडीत गेलं, हंडे, घंगाळं, कडीचे डबे सगळं वजनावर, कल्हईवाला यायचा बंद झाला. जे वाचलं ते बहुतेक नाव घातलेलं म्हणून वाचलं. लग्नात आलेल्या भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असायचं, सून गडहिंग्लजकडची असली तर मराठीत, गोकाककडची असली तर कन्नडमध्ये, आणि एकाच मांडणीवर दोन्ही लिपींची भांडी पालथी घातलेली. सीमाभाग म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मी तरी ती मांडणीच दाखवीन.

आता नावाचा घोळ, आणि यावर मला जरा जास्तच लिहायचंय. या शिवलेल्या पांघरुणाला आम्ही वाकळ म्हणतो, कोल्हापूरकडंही वाकळच. पुण्यामुंबईकडं गोधडी. कन्नड घरात कौदी. आणि खानापूर ओलांडून हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला गेलं की सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजाच्या बायका शिवतात ती कवंदी. विकायला ठेवणारे या चारही गोष्टी एकच समजतात. मागं एका प्रदर्शनात आमच्या घरची वाकळ दिली होती, तिच्यावर "कौदी, उत्तर कर्नाटक" अशी चिठ्ठी लागली, मी बदलायला सांगितलं तर ती काढून "गोधडी, महाराष्ट्र" लावली. दोन्ही चुकीच्या, कारण ती वाकळ खानापूर तालुक्यात शिवलेली आणि शिवणारी बाई घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारी.

खरं बघायला गेलं तर वाकळ आणि कौदी यात शिवणीवरनं फरक दाखवता येत नाही, दोन्हींना जुनं कापड, दोन्हींना धावदोरा, फरक फक्त शिवणारीच्या घरातल्या भाषेचा. म्हणून मी म्हणतो जिच्या घरची आहे तिनं जे नाव ठेवलं तेच लिहा, राज्याचं नाव घालूच नका. कवंदीचं मात्र वेगळं आहे. ती कडेच्या कोपऱ्यातनं सुरू होते, कापडाचे तुकडे लावत लावत चारी बाजूंनी फिरत मध्यभागी येऊन संपते, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची "फुलं" लावतात, ती नसली तर कवंदी उघडी, अपुरी मानतात. एवढी स्वतःची रीत असलेल्या वस्तूला सरसकट गोधडी म्हणून विकणं मला अन्यायाचं वाटतं. गोधडी हा शब्द वाईट आहे असं नाही, पण पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक तोच शब्द टाकून शोधतं म्हणून बाकीचे तीन शब्द बाजारातनं जायला लागलेत.

कसूतीचं, म्हणजे साडीवरच्या हातभरतकामाचं, पण थोडं असंच. धारवाडच्या नावानं तिला 2006 च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं, योग्यच झालं. पण आमच्याकडच्या मराठी घरांतही काळ्या चंद्रकळेवर गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे टाके घातले जायचे, नावं कन्नडच, मेंथी म्हणजे मेथी हे सगळ्यांना कळायचं. गवंतीचा टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे, मागं गाठ दिसली तर उसवायला लावायचे.

नव्वदनंतर सुती लुगडी नेसणाऱ्या बायकाच कमी झाल्या, नायलॉनच्या साड्या आल्या. नायलॉनवर थर सरकतात, सुई घसरते, घाम टिपला जात नाही, म्हणून त्या काळच्या वाकळा लवकर सुटल्या आणि लोकांनी सोलापुरी चादरी, मग मऊ लोकरी ब्लँकेटं घेतली. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या कितीतरी घरांतल्या ट्रंका भिजल्या, पुस्तकं फुगली, वाकळा चिखलात गेल्या. त्यानंतर वाचलेल्या वस्तूंकडं बघायची नजर बदलली असं मला वाटतं, लॉकडाऊन त्यानंतर सात-आठ महिन्यांनी आलं.

सध्या ज्या मुली शिवायला बसतात त्यांची पहिली अडचण सुती लुगडं मिळण्याची. मग कुणाच्या आज्जीची ट्रंक उघडायची असली की फोन जातो, चारपाच जणी जमतात, एक लुगडं अस्तराला आणि एक वरती असं वाटून घेतात, उरलेल्या पदरात पुस्तकं बांधून ठेवतात.