जोन ऑफ एकर

जोन ऑफ एकर : (१२७२ – २३ एप्रिल १३०७). इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड व त्याची राणी कॅस्टीलची एलेनॉर यांची कन्या. आईवडील धर्मयुद्धाच्या मोहिमेवर असताना तिचा जन्म पॅलेस्टाइनमधील एकर येथे झाला. जन्मतिथी निश्चित नाही. १२७२ चा वसंत ऋतू सर्वसाधारणपणे मानला जातो. बालपणाची काही वर्षे ती फ्रान्समधील पाँत्यू येथे आजीजवळ राहिली. जर्मनीचा राजा पहिला रूडॉल्फ याचा पुत्र हार्टमान याच्याशी तिची सोयरीक ठरली होती; परंतु १२८१ मध्ये तो ऱ्हाइन नदीत बुडून मरण पावला.

३० एप्रिल १२९० रोजी वेस्टमिन्स्टर येथे ग्लॉस्टर व हर्टफर्डचा अर्ल (वरिष्ठ दर्जाचा उमराव) गिल्बर्ट द क्लेअर याच्याशी तिचा विवाह झाला. वर तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठा होता आणि अ‍ॅलिस द लूझिन्याँशी झालेला त्याचा पहिला विवाह आधीच रद्द ठरला होता. या विवाहाचे खरे महत्त्व जमीनविषयक करारात आहे. गिल्बर्टने आपल्या सर्व जहागिरी राजाच्या स्वाधीन केल्या व राजाने त्या पतिपत्नींना सामाईक हक्काने परत दिल्या. वारसा या विवाहातील संततीकडे आणि ती नसल्यास जोनला पुढे होणाऱ्या संततीकडे जावा, अशी तरतूद झाल्याने गिल्बर्टच्या पहिल्या विवाहातील दोन मुलींचा हक्क बुडाला. जावयाला वेसण घालण्याचा राजाचा यात हेतू होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ७ डिसेंबर १२९५ रोजी गिल्बर्ट वारला, तेव्हा याच करारामुळे विधवेच्या नेहमीच्या एकतृतीयांश हिश्शाऐवजी संपूर्ण जहागीर जोनच्या हाती राहिली.

अशा विधवेचा पुनर्विवाह हा राज्यकारभाराचाच प्रश्न होता. राजाने साव्हॉयचा काउंट पाचवा आमदेउस याची निवड केली. जोनने मात्र, बहुधा जानेवारी १२९७ मध्ये, दिवंगत पतीच्या पदरी असलेल्या राल्फ द मॉन्थर्मर या स्क्वायरशी (नाइटहून खालच्या दर्जाच्या सेवकाशी) गुप्तपणे विवाह केला. त्यापूर्वी तिने पित्याकडूनच त्याला नाइट करवून घेतले होते, असे सांगतात. राजाने जहागीर जप्त करून राल्फला ब्रिस्टलच्या किल्ल्यात कैदेत टाकले. अर्लने गरीब स्त्रीशी विवाह केल्यास त्यात कमीपणा नसतो, मग काउंटेसने शूर तरुणाला मोठेपण देण्यात दोष कोणता, असा युक्तिवाद तिच्या तोंडी घातलेला आढळतो. तो इतिवृत्तकाराचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. डरमचा बिशप अँटनी बेक याने मध्यस्थी केली. ऑगस्टमध्ये राल्फने राजाशी निष्ठेची शपथ घेतली आणि पत्नीच्या हक्काने त्याला अर्लपद मिळाले.

पहिल्या विवाहापासून तिला एक मुलगा व तीन मुली आणि दुसऱ्यापासून चार अपत्ये झाली. १३०५ मध्ये राजा व युवराज एडवर्ड यांच्यात बेबनाव झाला असता तिने आपली मुद्रा (शिक्का) भावाला वापरावयास दिली. सफकमधील क्लेअर येथे तिचे निधन झाले. प्रसूतीत मृत्यू आल्याच्या समजुतीला समकालीन आधार नाही. तेथील ऑगस्टीनियन मठात तिचे दफन झाले. जोनचा मुलगा गिल्बर्ट १३१४ मध्ये स्कॉटलंडमधील बॅनकबर्नच्या लढाईत निपुत्रिक मारला गेला व १३१७ मध्ये क्लेअर घराण्याची जहागीर एलेनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या जोनच्या तीन मुलींत विभागली गेली. यांपैकी एलिझाबेथने पुढे केंब्रिजमधील क्लेअर कॉलेजला आश्रय दिला.