दातेरी धार
सुरी, विळा यांसारख्या हत्याराच्या पात्याला एकमेकींलगत खाचा पाडून केलेली धार. दात्यांची टोके आधी रुततात आणि खाचांतील आखूड धारा ओढीसरशी कापतात. पाटावर घासतात ती टोके. खाचांतील धार त्यामुळे जास्त टिकते.

उगम : दातेरी धारेचे मूळ बहुधा कापणीच्या अवजारांत असावे. पश्चिम आशियातील नवाश्मयुगीन वस्त्यांत दाते पाडलेली चकमकीच्या दगडाची पाती सापडली आहेत. त्यांपैकी काहींवरील तकाकी धान्याच्या ताटांतील सिलिकेमुळे आलेली मानतात. महाराष्ट्रात इनामगाव (जि. पुणे, सु. इ. स. पू. १६००–७००) येथे कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची लहान पाती मिळाली. अशी पाती लाकडी मुठीच्या खोबणीत ओळीने बसवून विळा करीत, असे एक मत; चंद्रकोरी पाती बाणांना लावीत, असे दुसरे. पहिले मत स्वीकारले तरी ती धार सांध्यांमुळे खडबडीत झालेली, मुद्दाम दाते पाडलेली नव्हे. लोखंडी दातेरी विळ्याशी तिचे नाते जोडणे घाईचे ठरेल. पाव कापण्याच्या दातेरी सुरीचे श्रेय पुष्कळदा अमेरिकेतील जोझेफ बर्न्स यांना देतात. त्यांचे पेटंट १९२० च्या सुमाराचे. पण अशी सुरी त्याआधीच जर्मनीतील फ्रीडरिश डिक कंपनीने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडली होती.

सातारा-सांगली भागात पाटण, जावळी, शिराळा या भातपट्ट्यांत दातेरी विळा वापरतात. ऊसतोडीचा कोयता मात्र बिनदाती, कारण त्याचे काम घावाचे असते, ओढीचे नव्हे.

कृती : लोहार मऊ पात्याच्या एकाच अंगावर छिन्नीने तिरप्या रेघा पाडतो, दुसरे अंग घासून दाते धारेवर आणतो आणि मग पाणी देतो, म्हणजे पाते तापवून एकदम थंड करून कठीण करतो. घरी तयार सुरीला दाते पाडताना हा क्रम उलटतो. पात्याला पाणी आधीच दिलेले असते, आणि बहुतेक अडचणी येथूनच येतात. स्वयंपाकाच्या सुरीचा कठीणपणा रॉकवेल सी मापनावर साधारण ५२–५८, कानशीचा ६२–६५. म्हणून चांगली गोल कानस चालते, पण सावकाश. त्याहून कठीण पात्याला हिऱ्याची भुकटी बसवलेली सळई लागते. ग्राइंडरने काम झटपट होते, पण पातळ कड लगेच तापते. तापलेल्या पोलादावर पिवळसर छटा सुमारे २२० अंश सेल्सिअसला येते, निळी सुमारे ३०० ला. निळी पडलेली कड मऊ होते, तिचे पाणी उतरलेले असते. ग्राइंडर वापरायचाच तर पाते वारंवार पाण्यात बुडवावे. कानस अधिक भरवशाची.

पाते शिकंजात, धार वर करून, लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये आवळतात. समान अंतरावर खुणा करून कानस एकाच अंगाने तिरपी चालवतात. दोन्ही अंगांनी खाचा पाडल्यास कड फार पातळ होऊन दाते मोडतात. सपाट अंगावर वळलेली बारीक कड शेवटी दगडावर पाते आडवे ठेवून काढतात. दाते बोथटल्यावर सपाट अंग घासून थोडे भागते; खाचा उथळ झाल्या की प्रत्येकीत पुन्हा कानस फिरवावी लागते.