गेटहाऊस की लॉज? आधी रस्ता बघा

लॉज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडासमोरचा बोर्ड येतो: वर राहण्याची सोय, खाली शाकाहारी जेवण. इंग्लंडच्या ग्रामीण भागात पिवळ्या बाणांच्या खुणा बघत पायवाटेने चालताना एखाद्या टुमदार दगडी घरावर ‘वेस्ट लॉज’ अशी पाटी दिसली, तर तिथे खोली मागायला जाऊ नका. ते एखाद्या जमीनदाराच्या फाटकावरच्या राखणदाराचं घर. पुढे दुसऱ्या इस्टेटीपाशी अशीच जुनी इमारत लागते, तीही फाटकाशीच, पण तिला लोक गेटहाऊस म्हणतात. इथे गोंधळ सुरू होतो.

माझी खूण साधी आहे. रस्ता इमारतीच्या पोटातून जात असेल तर गेटहाऊस. बाजूने जात असेल तर लॉज.

गेटहाऊस ओळखायला आपल्याला जड जाऊ नये. रायगडाचा महादरवाजा आणि आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या आठवा, किंवा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि त्याच्या माथ्यावरचा नगारखाना. येणाऱ्याला थोपवायचं, चौकशी करायची, मग आत सोडायचं, यासाठीच ही बांधणी. म्हणून ती मुख्य घराला खेटून, चौकाच्या किंवा खंदकाच्या तोंडाशी असते. ट्यूडर राजघराण्याच्या काळात, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकात, हल्ल्याची भीती ओसरली, पण बुरूज काही गेले नाहीत. ते मिरवायच्या कामी आले. एसेक्समधलं लेयर मार्नी हे त्याचं टोक. आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या लॉर्ड मार्नीने वाडा बांधायला घेतला आणि सुमारे ८० फूट उंच गेटहाऊस उभं केलं. तो १५२३ मध्ये गेला, मुलगा १५२५ मध्ये. वाडा अर्धवट राहिला, दरवाजा मात्र आजही दिमाखात उभा आहे.

श्रॉपशरमधल्या स्टोकसे कॅसलची गंमत वेगळी. मूळ वास्तू तेराव्या शतकातली, लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली; लाकडी चौकटींचं, नक्षीदार, पिवळसर गेटहाऊस मात्र १६४०-४१ मधलं. त्यात लढाऊ असं काहीच नाही. १६४५ मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, संसदेची फौज दारात आली, तेव्हा आतल्यांनी जवळजवळ न लढताच किल्ला दिला. अशा देखण्या दरवाज्याआड लढणार तरी कोण?

लॉज जन्मली ती भीतीतून नव्हे, अंतरातून. अठराव्या शतकात धनिकांनी घराभोवतीची शेतं आणि कधीकधी अख्खी खेडी हटवून मैलोन्‌मैल हिरवळीची उद्यानं केली. कुंपण घरापासून लांब गेलं, त्याबरोबर फाटकही. आता बग्गीचा आवाज आला की धावत येऊन दार उघडायला तिथे कुणीतरी कायम राहायला हवं. त्यासाठी एक छोटं घर बांधलं, की झाली लॉज. राहायला बहुधा इस्टेटीतलाच एखादा नोकर किंवा जुन्या नोकराची विधवा. काही ठिकाणी सममितीच्या हौसेपायी फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेका खोलीच्या जुळ्या लॉज बांधल्या. दिसायला फारच सुरेख, पण एकाच कुटुंबाचा स्वयंपाक इकडे आणि बिछाना तिकडे, मध्ये मालकाचा रस्ता! डिसेंबरच्या पावसात रात्री तो ओलांडणाऱ्या बाईला सममितीचं कौतुक वाटलं असेल असं मला वाटत नाही.

पायवाटेवर गेटहाऊसपेक्षा लॉजच जास्त भेटतात, त्यालाही कारण आहे. बऱ्याच वाटा या उद्यानांहून जुन्या. मालकांना आपल्या खिडकीसमोरून गावकरी जाताना नको असत. १८१५ च्या कायद्याने तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर ‘अनावश्यक’ वाट बंद करता येऊ लागली, आणि हे न्यायदंडाधिकारी बहुधा जमीनदारांच्याच पंगतीतले. म्हणून कित्येक वाटा घरापासून दूर ढकलल्या गेल्या, त्या कुंपणाच्या कडेने फाटकापाशी येतात. शेताच्या कोपऱ्यात, आसपास ना फाटक ना रस्ता, अशी एकटीच लॉज दिसली, तर बग्गीचा जुना रस्ता नांगराखाली गेला असं समजायला हरकत नाही.

नावावर मात्र विसंबू नका. नॉर्दॅम्प्टनशरमधली रश्टनची त्रिकोणी लॉज फाटकाची नव्हेच. सर थॉमस ट्रेशमने ती १५९३ ते १५९७ दरम्यान बांधली, कागदोपत्री सशांच्या राखणदारासाठी. खरं तर कॅथलिक असल्याबद्दल तुरुंग भोगलेल्या माणसाने ‘त्रैक्या’वरची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) श्रद्धा दगडात कोरली: तीन भिंती, प्रत्येक ३३ फुटांची, तीन मजले. लॉज या शब्दाचा हा जुना अर्थ, रानातलं राखणीचं किंवा शिकारीचं घर.

आणि माझ्या खुणेलाही चकवणारी ठिकाणं आहेतच. बकिंगहॅमशरमधल्या स्टो इस्टेटीची कॉरिंथियन कमान, १७६० च्या दशकातली, ६० फूट उंच. समोरून नुसती रोमन थाटाची विजयकमान. पण तिच्या दोन जाडजूड पायांत नोकरांची चार मजली घरं लपवलेली आहेत. रस्ता पोटातून, म्हणून गेटहाऊस म्हणावं, तर ती घरापासून बरीच लांब आणि काम सगळं लॉजचं. मी तिला लॉजच म्हणेन, कमानीच्या वेषातली.

आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड परगण्यातल्या ड्रोमाना इस्टेटीच्या फाटकावर तर तांब्याचा कांद्यासारखा घुमट आणि मिनार आहेत. शैलीचं नाव ‘हिंदू-गॉथिक’, म्हणजे भारतीय आणि युरोपी मध्ययुगीन वळणांची सरमिसळ. सांगतात ते असं, की १८२६ मध्ये इस्टेटीचा मालक आणि त्याची नवी नवरी मधुचंद्राहून परतले, तेव्हा रयतेने स्वागताला तात्पुरतं फाटक उभारलं होतं. ते दोघांना इतकं आवडलं, की पुढे पक्कं बांधून घेतलं. फिनिस्क नदीचा पूल ओलांडला की रस्ता थेट कमानीत शिरतो, आणि दोन्ही हातांना एकेक लॉज.