नाव झाकलं तरी लेखक ओळखू येतो

नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा पिता पिता एखादा मुलगा अचानक ‘स्वार्थ हाच सद्गुण’ असं ठणकावून सांगू लागला, तर त्याचं आयन रँड वाचून झालंय असं खुशाल समजावं. रशियात १९०५ साली जन्मलेल्या या अमेरिकी लेखिकेच्या ‘ऑब्जेक्टिव्हिझम’ या, स्वहिताला नैतिक मानणाऱ्या विचाराला भक्त कडवे मिळाले आणि टीकाकारही तितकेच कडवे. विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञांनी तर तिला बराच काळ दारातही उभं केलं नाही.

अशा विषयाला वाहिलेलं संशोधन नियतकालिक १९९९ मध्ये निघालं : ‘द जर्नल ऑफ आयन रँड स्टडीज’. आर. डब्ल्यू. ब्रॅडफर्ड, स्टीफन कॉक्स आणि ख्रिस मॅथ्यू शाबारा हे तिघे संस्थापक. वर्षाला दोन अंक. २०१३ पासून पेन स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने ते छापलं आणि २०२३ मध्ये ते बंद झालं.

पहिल्याच अंकात शाबारांनी रँडच्या पेट्रोग्राड विद्यापीठातल्या गुणपत्रकाचा शोध मांडला. रँड म्हणायची की एन. ओ. लॉस्की या तत्त्वज्ञाकडे ती प्राचीन तत्त्वज्ञान शिकली. अडचण अशी की क्रांतीनंतर लॉस्कींवर गंडांतर आलं आणि १९२२ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवलं गेलं, तेव्हा रँड जेमतेम सतरा वर्षांची. मग ती शिकली कधी? गुणपत्रकावरून ती कोणते विषय शिकली ते कळतं. ते कुणी शिकवले हे मात्र इतर पुराव्यांवरून जुळवावं लागतं. भक्तीने किंवा द्वेषाने हा प्रश्न सुटत नाही, त्याला जुने कागदच लागतात. २००२ मध्ये याच नियतकालिकात स्लावोय झिझेक या डाव्या विचारवंताचाही रँडवर लेख आला. एका गोटाच्या मुखपत्रात असं सहसा होत नाही.

आता असे लेख पारखून घेण्याच्या यंत्रणेकडे वळू. लेख आला की संपादक आधी तो विषयात बसतो का ते बघतो. मग लेखकाचं नाव काढून लेख परीक्षकांकडे जातो, आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही. याला दुहेरी अंध परीक्षण म्हणतात. कागदावर झकास, पण गळती तीन ठिकाणी होते. पहिली फाइलमध्येच : वर्डच्या फाइलच्या पोटात लेखकाचं नाव दडलेलं असतं आणि ट्रॅक चेंजेसमध्येही (दुरुस्त्यांच्या नोंदीत) ते दिसतं. पाठवण्याआधी ‘फाइल’, ‘इन्फो’ आणि मग ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ असं जाऊन ते पुसावं लागतं. दुसरी वाक्यात : ‘मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलं की खेळ संपला. तिथे स्वतःचाही उल्लेख तिसऱ्याच माणसाचा असल्यासारखा करायचा. तिसरी गळती मात्र बुजवता येत नाही. विषय छोटा, त्यावर गंभीरपणे लिहिणारे मोजकेच. कोण कोणता मुद्दा घेऊन वर्षानुवर्षं भांडतोय हे सगळ्यांना ठाऊक. दोन पानं वाचली की परीक्षक लेखकाचं नाव सांगेल. त्यात परीक्षक भक्त निघाला तर टीका ‘अपुऱ्या वाचनाची’ ठरते आणि विरोधक निघाला तर अख्खा विषयच ‘फालतू’. म्हणून एक परीक्षक विषयाच्या आतला आणि एक बाहेरचा, समजा अ‍ॅरिस्टॉटलचा अभ्यासक, असा घेणं बरं. दोघांचं जमलं नाही तर तिसरा बघावा, वेळ लागला तरी चालेल.

कुठलंही नियतकालिक हाताळताना एक छोटा हिशेब करून पाहता येतो. प्रत्येक नियतकालिकाला आयएसएसएन हा आठ आकडी ओळख क्रमांक असतो; रँडवरच्या या नियतकालिकाचा १५२६-१०१८. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ८+३५+१२+३०+४+०+२ = ९१. याला ११ ने भागल्यास बाकी ३. ११ मधून ३ गेले, उरले ८. शेवटचा आकडाही ८ च. (उरले १० तर तिथे एक्स हे अक्षर छापतात.) पण यातून कळते ती टायपिंगची चूक. नकली नियतकालिकवाले दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून बिनदिक्कत छापतात, त्यांना हा हिशेब पकडू शकत नाही. त्यासाठी प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तोच क्रमांक आणि तेच संपादक मंडळ आहे का हे बघावं लागतं.

जुने अंक जेस्टोर या संशोधन नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. नाशिकच्या विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजच्या किंवा मुक्त विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची वर्गणी आहे का, ते आधी विचारावं. लेख सापडला की त्यानंतरच्या दोन-तीन अंकांची अनुक्रमणिकाही चाळावी. त्याला कुणी उत्तर दिलं असेल तर ते तिथेच सापडेल.